गाडीखाली ऑइल पडायलंय? चेंबर खोलायच्या आधी हे बघा

सकाळी गाडी बाहेर काढली, मागं वळून बघितलं तर फरशीवर रुपयाएवढा काळा डाग. शेजारचे काका गॅलरीतनंच, "चेंबर गेला बघ तुझा." आमच्या बेळगावात गाडीखाली काहीही पडू दे, निदान ठरलेलं. मी पण पहिल्यांदा तेच खरं धरलं, एका गॅरेजात गाडी लावली, त्यांनी चेंबर उतरवला, नवीन पॅकिंग मारलं, पैसे घेतले आणि चौथ्या दिवशी डाग परत त्याच जागी. मग कामानिमित्त गोकाकला गेलतो तिथं एका म्हाताऱ्या मिस्त्रीला दाखवली. त्यानं बॅटरी मारली, बोट लावून वास घेतला आणि म्हणाला, "म्यालिंद सोराकत्तैत्री." म्हणजे वरनं गळायलंय. ऑइल प्रेशरचा छोटासा स्विच असतोय इंजिनच्या अंगाला, त्याच्यातनं झिरपून ऑइल खाली चेंबरवर यायचं आणि तिथं थेंब होऊन पडायचं. चेंबर बिचारा विनाकारण बदनाम.

म्हणून ह्या लेखात निम्मं बोलणं ओळखायचं कसं ह्याच्यावरच आहे, पाना हातात घ्यायचं काम त्याच्या नंतर.

आधी चेंबर म्हणजे काय ते. कंपनीच्या पुस्तकात ऑइल पॅन किंवा संप लिहिलेलं असतंय, गॅरेजात सगळे चेंबर म्हणतात. इंजिनच्या एकदम तळाला बोल्टांनी बसवलेलं घमेलं समजा. गाडी बंद केली की वर फिरलेलं ऑइल उतरून ह्याच्यात येऊन बसतंय, लहान पेट्रोल गाडीत साधारण ३ ते ४ लिटर. गाडी चालू केली की पंप एका जाळीतनं, म्हणजे स्ट्रेनरातनं, ते ओढून परत वर पाठवतो. ही जाळी चेंबरच्या तळापासून अगदी थोड्या अंतरावर असते हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे. चेंबर काही गाड्यांत पत्र्याचा, काहींत ॲल्युमिनियमचा. पत्र्याचा दगड लागला की चेपतो, ॲल्युमिनियमचा तडकतो.

पडतंय ते ऑइलच आहे काय?

हसू नका, उन्हाळ्यात एसीचं पाणी बघून घाबरलेली माणसं मी बघितली आहेत. रात्री गाडी सपाट जागेवर लावा आणि इंजिनखाली एक मोठा पुठ्ठा सरकवा, टीव्ही नाहीतर फ्रिजच्या खोक्याचा असला तर उत्तम. पुठ्ठ्यावर पुढचं चाक कुठं आहे ते पेननं मार्क करून ठेवा, नाहीतर सकाळी गाडी काढल्यावर थेंब नेमका कशाखाली पडला ते कळत नाही. नितळ पाणी असेल आणि डाव्या बाजूला पडलं असेल तर बहुतेक एसीचं, सोडून द्या. हिरवं, गुलाबी किंवा केशरी आणि गोडसर वास असेल तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरातलं पाणी, ते वेगळं दुखणं. चाकाच्या आतल्या अंगाला पातळ फिक्कट काहीतरी पडलं असेल तर ब्रेक ऑइल, मग गाडी हलवूच नका, मिस्त्रीला घरी बोलवा. घट्ट आणि नाकात जाणारा गंधकासारखा उग्र वास, तर गिअर ऑइल. इंजिन ऑइल नवीन असताना मधाच्या रंगाचं, जुनं झालं की काळं, दोन बोटांत चोळलं तर बुळबुळीत, आणि पुठ्ठ्यावर त्याचा डाग दुपारपर्यंत पसरत राहतो.

आता पट्टी बघा. इंजिन थंड, गाडी सपाट, डिपस्टिक काढून फडक्यानं पुसून परत घालून काढायची. ऑइल दोन खुणांच्या मध्ये पाहिजे. बऱ्याच गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत एक लिटरच्या आसपास फरक असतोय, म्हणजे खालच्या खुणेला टेकलं असेल तर लिटरभर कमी झालं. आठवड्याला एकदा बघून मोबाईलवर फोटो काढून ठेवायचा, महिन्याभरात समजतंय गळती दोन थेंबांची आहे की जोराची.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरात वाचा. डॅशबोर्डावर झारीसारखं लाल चिन्ह आहे, टोकाला थेंब असलेलं. बऱ्याच जणांना वाटतं की ते ऑइल कमी झाल्याची आठवण करून देतंय, टाकू सावकाश. तसं नाही. तो दिवा ऑइलचं प्रेशर गेल्याचा आहे, म्हणजे त्या क्षणाला बेअरिंगांना ऑइल मिळत नाही. चालताना तो लागला की बाजूला घ्या आणि चावी बंद. पेट्रोल पंपापर्यंत नाही, पुढच्या वळणापर्यंत पण नाही. अशा इंजिनला जाम व्हायला काही मिनिटं पुरतात.

धुवा, मग बघा

नवीन माणूस चुकतो तो इथं. गाडीखाली वाकून बघितलं, चेंबर ओला दिसला, झालं, चेंबर लीक. अरे पण ऑइल वरनं खालीच येणार की, आणि गाडी पळताना वाऱ्यानं मागं पण जाणार. त्यामुळं चेंबर ओला असणं हा पुरावा नाहीच. बघायचं ते सगळ्यात वरचं आणि सगळ्यात पुढचं ओलं ठिकाण, बहुतेक वेळा गळती तिथनंच सुरू झालेली असते.

आमच्याकडं आणखी एक भानगड, लाल माती. खानापूर, जांबोटीकडं चार फेऱ्या मारल्या की गळक्या इंजिनाच्या तळाला ऑइल आणि धूळ मिळून असा थर बसतो की थेट आमची कुंदा मिठाईच, तसाच तपकिरी, तसाच रवाळ. त्याच्याखाली काय चाललंय ते देवाला माहीत. हा थर आधी काढायला पाहिजे. इंजिन थंड असताना डिझेल किंवा डिग्रीझर (तेलकट मळ सोडवणारं द्रावण) आणि जुना रंगाचा ब्रश घेऊन चेंबर, त्याच्या कडेचे बोल्ट, फिल्टरच्या आजूबाजूला आणि इंजिनचा खालचा अंग घासून काढा, मग फडक्यानं कोरडं करा. डिझेलनं घासलंत तर पुसून चांगलं वाळू द्या, तसंच ओलं ठेवून गाडी चालू करायची नाही, सायलेन्सरचा पाइप जवळ असतोय. प्रेशर वॉशिंगनं पण निघतंय पण वायरिंगच्या जोडांवर पाणी मारायचं नाही. काही गाड्यांना खाली प्लॅस्टिकचं कव्हर असतंय, ते आधी काढा. त्याच्यात ऑइल साठून भलत्याच भोकातनं पडतं आणि आपण वेगळ्याच जागी शोधत बसतो.

कोरडं झालं की साधी टाल्कम पावडर, कुठलीही, घरात बाळाची असली तर ती, ब्रशनं नाहीतर फुंकरीनं त्या भागावर उडवा. पांढरा पातळ थर दिसला पाहिजे. मग इंजिन १५-२० मिनिटं चालू ठेवा किंवा शहापूर-वडगाव अशी एक फेरी मारून या, आणि खाली जाऊन बॅटरी मारा. जिथनं ऑइल येतंय तिथं पावडरीवर काळपट रेघ उमटलेली असते, पांढऱ्या भिंतीवर ओल उतरावी तशी. त्या रेघेचा वरचा शेंडा पकडायचा.

शेंडा टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाच्या, कडेला गेला तर वरचं टॅपेट पॅकिंग, चेंबरच्या मानानं फार सोपं काम. फिल्टरच्या बुडाशी असेल तर फिल्टर सैल आहे नाहीतर जुन्याचं रबर चिकटून राहिलं आणि त्याच्यावर नवीन बसवलाय. स्विचापाशी असेल तर माझीच गोष्ट. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जोडलेत त्या फटीतनं खाली थेंब येत असेल तर मागचं क्रँक सील, म्हणजे इंजिनच्या मागच्या टोकाला फिरत्या दांड्याभोवतीचं सील, आणि ते घरी करायचं काम नाही, गिअरबॉक्स उतरवायला लागतो. आणि ह्यातलं काहीच नसून रेघ चेंबरच्या कडेपासून किंवा तळाच्या नटापासूनच सुरू होत असेल तरच चेंबर. मग पुढं वाचा.

गाडीखाली शिरायच्या आधी

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. विटा नाही, सिमेंटचे ब्लॉक नाही, लाकडाचा ओंडका नाही. दोन चांगल्या घोड्या, म्हणजे जॅक स्टँड, पक्क्या जमिनीवर, कंपनीनं दाखवलेल्या जागीच. मागच्या चाकांना दगड, हँडब्रेक, गिअरमध्ये गाडी. घोडीवर टेकवल्यावर बाहेरनं एकदा हातानं हलवून बघायची, डगमगली तर परत पहिल्यापासनं. ऑइल कोमट असताना काढायचं, नुकती घाटातनं आलेली गाडी असेल तर तासभर थांबा, गरम ऑइल मनगटावर आलं की महिनाभर आठवण राहते.

नट आणि वायसर

सगळ्यात स्वस्त गळती हीच आणि बऱ्यापैकी वेळा निघते पण हीच, खास करून ऑइल बदलून आल्यावर आठ दिवसांत डाग दिसायला लागला असेल तर. ड्रेन नटाखाली तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर असतो, तो एकदा आवळला की दबतो आणि त्याच्यावरच गळती थांबते. दुसऱ्यांदा तोच वापरला तर कधी धरतो, कधी नाही. चहा-भजीच्या पैशात मिळणारी वस्तू, पण गडबडीत जुनीच परत टाकली जाते.

गळायलंय म्हणून नुसतं आवळत मात्र बसू नका. ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे मऊ असतात, लांब पान्यानं जोर लावला की आटे जातात आणि मग वीस रुपयांचं काम हजारांत. ऑइल काढा, नट काढा, वायसर बदला, नट आधी हातानं तीन-चार फेरे गेला पाहिजे. हातानं जात नसेल तर वाकडा बसलाय, काढून परत लावा. शेवटी टॉर्क पाना, म्हणजे किती जोरानं आवळलं ते मोजणारा पाना, असेल तर गाडीच्या पुस्तकातला आकडा, लहान गाड्यांना बहुधा ३० ते ४० न्यूटन मीटरच्या आसपास असतोय पण तुमच्या गाडीचा बघूनच. उताणं पडून उलटं सुलटं कळेनासं होतंय, म्हणून नटाच्या डोक्याकडं तोंड करून बघायचं, घड्याळाच्या उलट फिरवलं की सैल. हे सांगायला लागतंय कारण मी स्वतः एकदा सैल करायच्या नादात पाच मिनिटं आवळत होतो.

आटे गेलेच असतील तर घाबरायचं कारण नाही, आपल्याकडं उद्यमबागेत लेथवाल्यांची काय कमी. हेलिकॉइल, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचा नवीन आटा, टाकून किंवा एक माप मोठा आटा पाडून देतात, पण त्यासाठी चेंबर उतरवून न्या. गाडीवरच आटा पाडला तर धातूचा कीस आत पडतोय.

कडेचं पॅकिंग

रेघ चेंबरच्या कडेला असेल तर आधी सगळे बोल्ट तपासा. बहुतेक १० नंबरची गोटी (सॉकेट) लागते, बोल्ट ६ एमएमचे. सैल असतील तर आवळा, पण इथं ताकद दाखवायची नाही, १० न्यूटन मीटरच्या आसपासच काम असतं. टॉर्क पाना नसेल तर छोटा रॅचेट डोक्यापाशी धरून नुसत्या मनगटानं फिरवा, खांदा लावला की पत्र्याची कड बोल्टापाशी फुगते आणि दोन बोल्टांच्या मधनं गळती वाढते. आणि ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणारा, पाइप काढून बघा. तो चोक झाला असेल तर इंजिनात आत दाब साठून चांगल्या पॅकिंगातनं पण ऑइल बाहेर ढकलतो. वरच्या खुणेच्या वर ऑइल भरलेलं पण चांगलं नाही.

एवढं करून गळती राहिलीच तर चेंबर उतरवायचा. आधी नीट बघून घ्या तो निघतोय काय, काही गाड्यांत सायलेन्सरचा पाइप किंवा खालची क्रॉस मेंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्याची आडवी पट्टी, मध्ये येते, तसं असेल तर सरळ गॅरेजात द्या, पहिल्याच खेपेला इंजिन लटकवायचे उद्योग नकोत.

निघत असेल तर ऑइल पूर्ण काढा, बोल्ट एका बाजूनं सरळ न काढता समोरासमोर सैल करत जा, लांबी वेगळी असेल तर पुठ्ठ्यावर चेंबरचा आकार काढून त्याच जागी टोचून ठेवा. बोल्ट निघाले तरी चेंबर चिकटून बसतो. इथं स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचा मोह होतो, करू नका, ॲल्युमिनियमवर एक ओरखडा म्हणजे नवीन गळती. पातळ पट्टीची सुरी किंवा लांबी (पुट्टी) भरायचा पत्रा कडेनं हळूहळू सरकवा आणि रबरी हातोडीनं बाजूला ठोका. सुटतो तेव्हा उरलेलं ऑइल तोंडावर येतंय, त्यामुळं तोंड बाजूला.

आता कंटाळवाणं काम, आणि निम्मी नवीन पॅकिंगं इथं आळस केल्यामुळंच गळतात. इंजिनकडची आणि चेंबरची दोन्ही कडा जुन्या सिलिकॉनपासून पूर्ण साफ. प्लॅस्टिकचा खरवडा चालतो, पॉलिश पेपर वर इंजिनकडं वापरू नका, कण आत जातात. शेवटी ब्रेक क्लीनर किंवा पेट्रोलनं पुसून कोरडं, बोटाला ऑइल लागता कामा नये. पेट्रोल असेल तर मोकळ्या हवेत, बिडी-सिगरेट लांब. पत्र्याचा चेंबर असेल तर उलटा करून कडेवर सरळ पट्टी ठेवून बघा, बोल्टाच्या भोकापाशी उंचवटे आले असतील तर लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातानं सपाट करा.

काही गाड्यांना रबर किंवा कॉर्कचं तयार पॅकिंग येतंय, ते कोरडंच बसतं, वरनं सिलिकॉन थापायची गरज नाही, पुस्तकात एखाद्या कोपऱ्याला सांगितलं असेल तेवढ्यापुरतंच. आजकालच्या बऱ्याच गाड्यांना नुसतं सिलिकॉनच असतं. ऑइलसाठीचं आहे हे ट्यूबवर बघून घ्या, बाथरूमचं पांढरं नको. चेंबरच्या कडेवर ३-४ एमएम जाडीची एकसलग वळी, बोल्टाच्या भोकाच्या आतल्या बाजूनं, कुठं न तुटता. जास्त लावलं की पक्कं बसतं हा गैरसमज आहे, जास्तीचं आत फुगून तुटतं आणि त्या जाळीत जाऊन अडकतं. वळी घातल्यावर गप्पा मारत बसायचं नाही, लगेच चेंबर बसवा, सगळे बोल्ट बोटांनी लावा, मग मधनं बाहेर, समोरासमोर, दोन फेऱ्यांत आवळा.

ऑइल लगेच भरू नका. ट्यूबवर वेळ दिलेली असते, मी रात्रभर सोडतो. पावसाळ्यात वाळणार नाही अशी शंका लोकांना येते पण हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानंच घट्ट होतंय, फक्त लावताना दोन्ही कडा कोरड्या पाहिजेत. सकाळी फिल्टर नवीन, ऑइल पुस्तकातल्या ग्रेडचं. चालू केल्यावर झारीचा दिवा दोन-चार सेकंदांत विझला पाहिजे, नाही विझला तर लगेच बंद.

चेंबर फुटला किंवा चेपला तर

गेल्या पावसाळ्यात मित्राच्या गाडीतनं चोर्लाच्या रस्त्यानं गोव्याला निघालतो. जांबोटी सोडल्यावर पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात दगड होता, ठाण्ण करून आवाज आला. उतरून बघतोय तर लाल चिखलावर काळी धार, पावसाच्या पाण्यावर सप्तरंगी पापुद्रा पसरत चाललेला. तो म्हणतोय, "पोचतंय की रे कणकुंबीपर्यंत, हळूहळू जाऊया." मी चावीच काढून घेतली. अर्धा तास भांडलो, मग बेळगावहून गाडी उचलायला टेम्पो मागवला. त्याचा खर्च झाला, इंजिन मात्र वाचलं.

बारीक चीर असेल आणि थेंब थेंबच पडत असेल तर ऑइल काढून, जागा पेट्रोलनं पुसून, खरवडून एम सील किंवा धातूसाठीचं इपॉक्सी लावता येतं. ओल्यावर ते धरत नाही. ते गॅरेजपर्यंत पोचण्यापुरतंच, वाटेत दर पाच-दहा किलोमीटरला पट्टी बघत. ॲल्युमिनियमचं आर्गन वेल्डिंग होतंय, पण वर्षानुवर्षं ऑइल मुरलेल्या धातूवर टाक्याला बारीक भोकं राहतात. मित्राचा वेल्डिंग करून घेतला होता, दोन आठवड्यांत परत पाझरायला लागला, शेवटी नवीनच टाकला. मी म्हणेन लांब पळणारी गाडी असेल तर पहिल्यांदाच नवीन.

पत्र्याचा चेंबर न फुटता नुसता चेपला तर लोक खूश होतात, गळत नाही ना मग झालं. इथं ती जाळी आठवा. तळ वर आला की तो जाळीच्या तोंडाला टेकतो, ऑइल पूर्ण असून पंपाला ओढता येत नाही. गावच्या हंपवर (स्पीडब्रेकरवर) तळ घासल्यावर जास्त स्पीडला झारीचा दिवा लुकलुकायला लागला तर हेच असू शकतं. चेंबर उतरवून जाळी बघायलाच पाहिजे, बाहेरनं ठोकून सरळ होत नाही.

काम झाल्यावर १०० किलोमीटरनंतर बोल्ट आणि कड बॅटरी मारून बघा, पुसा, आणि दोन रात्री नवा पुठ्ठा टाका. काढलेलं जुनं ऑइल गटारीत नाहीतर विहिरीच्या बाजूला ओतू नका, कॅनमध्ये भरून गॅरेजात द्या, त्यांच्याकडं ते घेऊन जाणारे लोक येतात. माझा पुठ्ठा गेले सात महिने कोराच आहे, एका कोपऱ्यात मांजराच्या पायाचे ठसे आहेत तेवढे.